भिशीचे पैसे आणि सोमवारची निळी गोळी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 38. यजमान यंत्रमागावर कामाला, त्या स्वतः घरी विड्या वळतात. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. शाळेतल्या तपासणीत मुलीचं हिमोग्लोबिन 8.6 निघालं. शाळेत दर सोमवारी निळी गोळी देतात, पण ती घेतली की तिला मळमळतं. एकदा वर्गातच उलटी झाली, मुली हसल्या, तेव्हापासून गोळी दप्तरातच राहते. सासूबाई म्हणतात गोळ्या उष्ण पडतात, डाळिंब-बीट द्या. दोन महिने रोज रस दिला, पोरगी आहे तशीच. यजमानांच्या मते हे सगळे दहावीचा अभ्यास टाळायचे नखरे. त्यावर ताईंनी लिहिलंय, "नखरेल नाही हो ती. श्रावणापासून सोमवार धरते, देवळात जाते. खाण्यापिण्याची आबाळ म्हणावी तर दर रविवारी घरात मटण असतं." जवळच्या एका दवाखान्यात 'रक्त वाढायची सलाइन' चार वेळा लावायला सांगितली आहे, खर्च आठ हजार. याच महिन्यात ताईंची दहा हजारांची भिशी लागणार आहे. ते पैसे अकरावीच्या ॲडमिशनसाठी धरून ठेवलेले.

त्यांचा प्रश्न असा: "भिशीचे पैसे सलाइनला घालू का, रसच चालू ठेवू, की गोळ्यांसाठी तिच्या मागं लागू? माझं तसं काही नाही. जिना चढताना दम लागतो आणि कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय लागलीय, तेवढंच. शेजारची म्हणते रेशनच्या तांदळातल्या प्लास्टिकनं रक्त आटतं, म्हणून ते दाणे मी निवडून फेकते."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या तीन-चार ओळींपाशी जरा जास्तच वेळ थांबले. तिकडे येते, पण आधी सलाइनचं बोलू, कारण भिशी या महिन्यात लागणार आहे आणि दवाखान्यातली माणसं घाई करत असणार.

पैसे देण्याआधी एकच विचारा: बाटलीत काय आहे? नाव कागदावर लिहून मागा. कारण 'रक्ताची सलाइन' या एका नावाखाली दोन वेगळ्याच गोष्टी लावल्या जातात. एक असते ती साधी ग्लुकोजची. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच टक्के ग्लुकोज म्हणजे 25 ग्रॅम साखर, आपले पाच-सहा चमचे. एवढी साखर घातलेलं लिंबू सरबत रसवंतीवाला वीस-तीस रुपयांत देतो, आणि त्यात लिंबू तरी असतं. त्या बाटलीनं रक्त वाढत नाही, तासभर तरतरी येते. दुसरी असते ती खरोखर लोहाची, शिरेतून द्यायची. ते चांगलं औषध आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते कुणासाठी? गरोदरपण शेवटाला आलंय आणि रक्त फार कमी आहे, आतड्यांना लोह शोषताच येत नाही, किंवा गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नाही, अशांसाठी. क्वचित कुणाला त्याची गंभीर रिॲक्शन येते, म्हणून ते सांभाळायची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यायचं. तुमच्या मुलीनं अजून गोळ्यांचा धड एक महिना पुरा केलेला नाही. उठल्याबसल्या दम लागतोय, छातीत धडधडतंय, चक्कर येऊन पडली, असं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग आजच सिव्हिल गाठा. तसं नसेल तर भिशी राहू द्या.

आता गोळी. ती उष्ण पडते की नाही यावर सासूबाईंशी वाद घालत बसू नका, कारण पोट बिघडतं हे त्या म्हणतात ते खोटं नाही. लोहाच्या गोळीनं मळमळतं, शौचाला खडा होतो, शौच काळी होते. काळं बघून घाबरू नका, न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं. पण तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. मुलगी सोमवार धरते. गोळी सोमवारी मिळते. ही गोळी पोटात अन्न असताना घ्यायची, म्हणून शाळेत ती जेवणानंतर द्यायची पद्धत आहे. तुमची लेक ती उपाशीपोटी गिळते, फार तर सकाळच्या चहावर. उलटी होईल नाही तर काय! यात नखरे कुठे आले? मी तिच्या जागी असते तर मीही ती दप्तरात ढकलली असती.

उपास सोडायला सांगा असं मी म्हणणार नाही. सिद्धेश्वराच्या गावात ते बोलायची माझी छाती नाही. पण गोळी सोमवारचीच हवी असं कुठे आहे? बाईंशी बोला, गोळी घरी आणू द्या, मंगळवारी रात्री जेवल्यावर द्या. आणि धाकट्याचंही दप्तर एकदा झाडून बघा. सहावीपासून बारावीपर्यंत मुलग्यांनाही तीच गोळी असते.

आणखी एक गैरसमज आहे, आणि तो केवळ तुमचा नाही, निम्म्या शिक्षकांचाही असतो. ती साप्ताहिक गोळी उपचार नव्हे. रक्त कमी होऊ नये म्हणून दिलेली ती खबरदारी आहे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच 8.6 वर आलंय, तिला आठवड्याला एक गोळी पुरणार नाही. बाराच्या वर आकडा हवा. आठ ते अकराच्या आत म्हणजे मध्यम पंडुरोग, तिथं उपचाराचा डोस लागतो आणि तो डॉक्टरनं ठरवायचा. कुणी रोज देतात, कुणी दिवसाआड. दिवसाआडला शास्त्राचा आधार आहे. आज लोह पोटात गेलं की शरीर दिवसभर दार अर्धवट लावून घेतं, दुसऱ्या दिवशी दिलेलं तितकं शोषलं जात नाही. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं, गोळी परस्पर बंद करू नये.

गोळी चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. लिंबूपाण्याबरोबर चालेल. नीट घेतली तर महिन्याभरात आकडा साधारण एकाने तरी वर सरकायला हवा. आणि बारा झाले म्हणून पाकीट फेकू नका. रक्तात लोह आलं तरी शरीराची कोठी रिकामीच असते, ती भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात. बहुतेक जणी नेमक्या इथेच सोडतात आणि वर्षाने पुन्हा आठवर येतात. (गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच ठेवा. चिमुरड्यानं गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.)

डाळिंबाविषयी लिहिताना मलाच वाईट वाटतंय. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याचा लाल रंग लोहाचा नाही. डाळिंबाचा रंग वेगळा, बीटाचा वेगळा, दोन्ही वनस्पतींचे आपापले रंग आहेत, रक्ताशी त्यांचं नातं फक्त दिसण्याचं. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. बीटात एकाच्या आतच. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाची गरज धरली आहे 30 मिलिग्रॅम. दोन महिने रोज रस करून, गाळून, वर चोथा फेकून तुम्ही काय मिळवलंत ते तुम्हीच हिशेब करा, विड्यांच्या हजाराचा हिशेब तुमच्याइतका चोख कुणाचा असतो! फळ म्हणून डाळिंब खा की, आनंदाने खा. औषध म्हणून त्याच्यावर पैसे घालू नका. त्याच पैशात घरात अंडी, लिंबं आणि पेरू येतात.

खरं तर रक्त वाढवणाऱ्या गोष्टी तुमच्याच स्वयंपाकघरात आहेत, फक्त त्या लाल नाहीत. कारळ्याची चटणी बघा, काळीकुट्ट. आमच्या लहानपणी ती भाकरीबरोबर रोज असायची, आता शेंगाचटणीनं तिला मागं सारलं. शेंगाचटणी मलाही प्रिय आहे, पण लोहात कारळे पुढे. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी घ्या, तुमच्याकडे तर ती होतेच. ती आंबट असते, आणि आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजला की कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी काळपट होते म्हणून आपण कढई माळ्यावर टाकली आणि नॉनस्टिक आणलं. ती खाली काढा. मटकी भिजवून मोड आणा, शेवग्याचा पाला आमटीत टाका, हिवाळ्यात सासूबाईंना अळिवाचे लाडू करायला सांगा. हे मुद्दाम त्यांनाच सांगा. त्यांचं डाळिंब काढून घेताय, तर त्यांच्या हातात दुसरं काही तरी द्या. नाहीतर गोळीचं पाकीट कचऱ्यात सापडेल.

पण भाकरी-भाजीतलं लोह जरा हट्टी असतं. पोटात जातं, पण अंगी लागतं थोडं. आंबट, म्हणजे क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते जास्त शोषलं जातं. लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा, जे परवडेल ते जेवतानाच. चहा नेमकं उलटं करतो. जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या घेतलेला चहा हे शोषण निम्म्यावर आणू शकतो. आपल्याकडे कारखान्याच्या पाळ्या, विड्यांचं बसकाम, सगळं चहावर चालतं हे मला ठाऊक आहे. चहा सोडू नका, जेवणापासून तास-दीड तास लांब न्या.

मटणातलं लोह मात्र हट्टी नसतं, चटकन शोषलं जातं. म्हणून विचारते, आणि खरं उत्तर द्या, मला नाही, स्वतःला. रविवारी कलेजी कुणाच्या ताटात जाते?

माझ्या आईच्या घरी ती आधी वडिलांच्या, मग भावाच्या ताटात जायची. ताक करणारीला निवळ, तशी आमची आई. ती जेवायला बसायची तेव्हा पातेल्यात रश्शाचं वरचं पाणी आणि एखादं हाडूक उरलेलं. चाळिशीत सारखी म्हणायची, डोकं फिरतंय. सगळे म्हणायचे, उन्हाचं. सोलापुरात सगळं उन्हावर ढकलता येतं. तिचं रक्त पहिल्यांदा तपासलं ते गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि तेव्हा आधी रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. आहारशास्त्र शिकताना मी एक तक्ता पाठ करत होते आणि मधेच थांबले. आजच्या तक्त्यातले आकडे सांगते: पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला 29, तुमच्या मुलीच्या वयाला 30. म्हणजे आपल्या घरांत जिची गरज जास्त ती शेवटी जेवते. तुमचे यजमान वाईट आहेत, सासूबाई वाईट आहेत, असं यात काही नाही. वाढणारी तर तुम्हीच आहात. म्हणून तर सांगते, पळी तुमच्या हातात आहे. या रविवारी कलेजीचे पाच वाटे करा. (गरोदर बाईनं मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. शेजारी कुणी असेल तर सांगून ठेवा.) शाकाहारी घरांतल्या वाचकांनी रागावू नये, त्यांच्यासाठी वर कढई आणि लिंबू दिलेलं आहे.

आणि पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट: मुलीची पाळी. रक्त वाढवायचं कसं हे तुम्ही विचारलंत, ते जातंय कुठे हे विचारलं नाहीत. किती दिवस जातं? सातच्या वर? रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का? पंधरा वर्षांच्या मुली हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच असतं. यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं, कारण खाली नळ उघडा ठेवून वरून कितीही भरलं तरी टाकी भरणार नाही. गोळ्या सुरू केल्यानं पाळी बिघडते हे मात्र खरं नाही. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात तीही घेतली का विचारा. जंतही रक्त पितात, अक्षरशः.

शाळेतली तपासणी बहुधा बोटाला टोचून, छोट्या मशीनवर झाली असेल. त्यात आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून एकदा शिरेतून रक्त काढून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी, करा. महाग तपासणी नाही ती, आणि तिच्यात निव्वळ हिमोग्लोबिन नाही, लाल पेशींचा आकारही कळतो. हे का महत्त्वाचं? पेशी लहान असतील तर बहुतेकदा लोह कमी असतं. क्वचित माणूस थॅलेसेमियाचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, वाहक असू शकतो, त्याची वेगळी तपासणी आहे. पेशी फुगलेल्या, मोठ्या असतील तर मामला ब-12 चा किंवा फॉलिक आम्लाचा.

यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते, गिरण्यांच्या गावातल्या माणसांना ती ठाऊक असायला हवी. 1928 साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. तिथल्या गिरणी कामगार बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत होत्या, आणि त्यांच्या लाल पेशी लहान नव्हे तर मोठ्या दिसत होत्या. विल्स त्या बायकांच्या जेवणाच्या मागे लागली. कोण काय खातं, कुणाला हा आजार होतो, कुणाला होत नाही. शेवटी यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारल्या. 1931 मध्ये तिनं हे छापलं, तेव्हा त्या अर्कातला नेमका पदार्थ कुणालाच माहीत नव्हता, पुढे दहा वर्षांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तेच फॉलिक आम्ल. तुमच्या मुलीच्या दप्तरात पडलेल्या निळ्या गोळीचा अर्धा भाग मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून शोधलेला आहे. मला ही गोष्ट फार आवडते. सोलापुरातल्या दुखण्यांची अशी चौकशी व्हायला हवी होती असंही वाटतं.

दख्खनची एक चौकशी मात्र झाली. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी पेलाग्राचा शोध घेत होते. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून फाटते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं, असा तो आजार. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. त्यांना तो आढळला ज्वारीवर आणि फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. डाळ आली, दूध-भाजी आली, तसा तो मागे हटला. भाकरीचा यात दोष नाही, आपली मालदांडी ज्वारी झकास आहे. दोष 'फक्त'चा होता. रोज एकच रस पाजणाऱ्या घरातल्या माणसाला हे सांगायला हवं असं मला वाटलं, इतकंच.

आता त्या शेवटच्या ओळी.

ताई, "माझं तसं काही नाही" असं लिहून पुढे तुम्ही दोन लक्षणं लिहिली आहेत. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही निव्वळ सवय नसते. कुणी माती खातं, कुणी खडू, पाटीवरची पेन्सिल, कुणी बर्फ. लोह कमी असलेल्या बायकांत ही ओढ पुष्कळदा दिसते, आणि लोह भरून निघालं की ती आपोआप जाते. चोरून खाता, लाज वाटते, असं असेल तर लाज सोडा, हे जिभेचे चोचले नव्हेत. जिन्यावर लागणारा दमही रक्ताचा असू शकतो. नसेलही. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसता, तेव्हा छातीही तपासून घ्या. पण सीबीसी करायला मुलीला घेऊन जाल तेव्हा तुमचाही हात पुढे करा. तुम्ही एकट्या नाही आहात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांचं रक्त कमी निघालं. तुमच्या बोळात विड्या वळायला दहा जणी बसत असतील तर त्यांतल्या पाच-सहा. देशाचा आकडा तर आधीच्या सर्वेक्षणात 53 होता, तो 57 झाला. लोहाच्या गोळ्या वाटायचा सरकारी कार्यक्रम 1970 पासून चालू आहे, हे लक्षात घेतलं की काय चुकतंय त्याचा अंदाज येतो. गोळी पोचते दप्तरापर्यंत. तिथून पोटापर्यंतचा रस्ता कुणी विचारत नाही. पुरुषांतही चारात एकाचं कमी असतं, तेव्हा यजमान सोबत आले तर त्यांनाही बसवा खुर्चीवर. नखऱ्यांची भाषा जरा मऊ होईल.

रेशनचा तांदूळ. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. पिठाचे म्हणून ते वेगळे दिसतात, धुताना काही वर तरंगतात. 2021 ते 2024 या काळात टप्प्याटप्प्यानं रेशनचा सगळा तांदूळ असा झाला होता. असा एक किलो तांदूळ घेतला तर त्यात 28 ते 42 मिलिग्रॅमच्या आसपास लोह घातलेलं असतं. म्हणजे सुपात घेऊन, डोळे ताणून, तुम्ही नेमकं तेच निवडून फेकत होतात, आणि राहिलेले कच्चे दाणे चघळत होतात. हसू नका, मीही हसत नाही. दोष तुमचा नाही. दुकानात तांदूळ देताना हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर प्लास्टिकची अफवा उठली नसती. या तांदळानं प्रत्यक्षात किती फरक पडतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, त्याच्या भरवशावर गोळी टाळू नका. पण निवडून फेकू नका. शेजारणीलाही सांगा. घरात कुणाला थॅलेसेमियाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा.

मग आता सगळ्याच जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणू का, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, कारण मेडिकलवाला तेच सुचवतो. नको. ब-12 दूध, अंडी, मटण, मासे यांतूनच मिळतं, तुमच्या घरात ते फार कमी असायचं कारण नाही. मात्र शाकाहारी घरांत, किंवा शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते उतरतं, आणि पायाला मुंग्या येणं, झोक जाणं सुरू होतं. सासूबाईंना शुगर असेल तर त्यांचं तपासा. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर बेचाळीस डिग्रीच्या गावात ऊन कमी पडतं हे ऐकून लोक हसतात. पण तुम्ही ऊन बघता ते दारातून. दिवसभर सावलीत, मान खाली घालून. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला विड्यांचं सूप घेऊन थोडा वेळ अंगणात बसता आलं तर बसा. मे महिन्यात नको. ड जीवनसत्त्वाची ती आठवड्याला घ्यायची 60,000 युनिटची पुडी डॉक्टरनं सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची असते. 'ताकदीची' म्हणून वर्षभर घेत राहिलं तर कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. असे लोक मी पाहिले आहेत.

कुठे जायचं ते सांगते. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, आशाताईंना गाठा, त्यांना वार आणि वेळ ठाऊक असते. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणच्या दवाखान्यात विचारा, ते कार्ड पेटीत पडून काय करणार? फुकटच्या गोळीत दम नसतो हा समज सोडा. औषध तेच असतं, चकचकीत पाकिटाचा फरक. तिनं पोट फारच बिघडत असेल तर डॉक्टर दुसऱ्या क्षाराची लिहून देतील, एवढाच तो बदल.

मुलीशी बोलताना 'रक्त वाढव' असं म्हणू नका, दहावीच्या पोरीला त्याचं काही वाटत नाही. वाचलेलं लक्षात राहत नाही, दुपारी डोळे मिटतात, जिन्यावर पाय जड होतात, हे होतंय का विचारा. लोह कमी असलं की हे सगळं होतं. ती हो म्हणाली तर यजमानांसमोर पुन्हा एकदा म्हणायला लावा. वर्गात उलटी झाल्याची लाज मात्र तिची खरी आहे, त्यावर उपाय म्हणजे गोळी शाळेत नकोच. रात्री जेवण झालं की तुम्ही दोघी मिळून घ्या, म्हणजे तुमचा आकडा कमी निघाला आणि डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितली तर. एकीनं दुसरीला आठवण करायची.

भिशीतले काही शे रुपये दोघींच्या सीबीसीला जातील, उरलेले अकरावीला ठेवा. महिन्याने दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून मला पुन्हा लिहा. मुलीचा आकडा हलला नसेल तर काय करायचं ते तेव्हा बघू. मग फेरिटिन (शरीराच्या कोठीत किती लोह आहे ते सांगणारी तपासणी), ब-12 अशा पुढच्या तपासण्या आहेत, आणि लोहाच्या खऱ्या सलाइनचाही विचार तेव्हा करता येईल. आणि कच्च्या तांदळाची ओढ कमी झाली का, तेही कळवा.